बावन्न वजा सत्तावीस

दत्तवाडीच्या शाळेत, वरच्या मजल्यावर
तीन दिवसांचं गणित प्रशिक्षण.
हजेरीपत्रक, पोहे, कागदी कपात चहा,
आणि शेवटच्या बाकासाठी आमची धावाधाव,
थेट मुलांसारखी.
मी तपासायच्या वह्या सोबत नेल्या होत्या.
असली प्रमाणपत्रं घरी कपाटात आहेत,
लाइटबिलांच्या खाली.

इनामदार मॅडम आल्या. तिशीच्या असतील.
कापडी पिशवीतून आइस्क्रीमच्या काड्या काढल्या,
दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले.
म्हणाल्या, बावन्न वजा सत्तावीस करा.
पेन ठेवा खाली. काड्यांनी करा.

मला उगीच हसू आलं :
माझं वय वजा माझी नोकरी.

पाच गठ्ठे, दोन सुट्या.
दोनातून सात जात नाहीत,
तोंड आपसूक चालू झालं,
शेजारच्या घरातून एक दशक उसना…
हात मात्र थांबला.
कुठलं शेजारचं घर?
पाचही गठ्ठे माझ्याच पुढ्यात होते.
रबर काढला. काड्या टेबलभर पसरल्या.
एक खाली पडली,
डेंगळे सर बाकाखाली शिरून शोधत बसले.

कोणाकडून घेतलंत? मॅडमनी विचारलं.
चाळीस शिक्षक, आणि कोणाचाच हात वर नाही.

मला इरण्णा आठवला.
पंधरा वर्षांपूर्वी, चौथी ब.
कोंढव्याच्या साइटवरून यायचा,
बाहीवर वाळलेलं सिमेंट.
त्यानं विचारलं होतं,
बाई, उसना घेतला, तर परत कधी द्यायचा?
वर्ग हसला. मीही हसले.
म्हटलं, गणितात परत द्यायचं नसतं रे,
पुढचं घे.
तो हसला नव्हता.
त्याच्या घरावर मुकादमाची उचल होती,
तीन वर्षं फिटत नव्हती.
हे कळलं ते आई दाखला न्यायला आली तेव्हा,
फाटकाबाहेर टेम्पो चालूच.
प्रगतीच्या रकान्यात मी लिहिलं :
साधारण.

आणि मी सगळ्यांना सांगत आले,
मी हातचं राखून शिकवत नाही.

संध्याकाळी स्वारगेटहून अप्परची बस.
कंडक्टर वैतागलेला, सुट्टे द्या, सुट्टे.
शेजारच्या बाईनं माझी पन्नासची नोट
मोडून दिली, दहाच्या पाच.
ती तिच्या स्टॉपला उतरून गेली.
ना तिचं माझ्याकडे काही, ना माझं तिच्याकडे.
मोडले तरी पन्नास ते पन्नासच.
सत्तावीस वर्षं हा शब्द माझ्या पर्समध्ये होता,
फळ्यापर्यंत आलाच नाही.

उत्तर पंचवीस आलं होतं.
एवढीच होते मी, पहिल्यांदा खडू धरला तेव्हा.
इरण्णाही आता एवढाच असेल,
कुठल्या गावात, कितव्या मजल्यावर,
कोण जाणे.

सोमवारी काड्या घेऊन गेले,
सत्तर रुपयांच्या. बिल मागायचं राहिलं.
पहिली दहा मिनिटं
रबरांनी एकमेकांवर नेम धरण्यात गेली.
मग गठ्ठे सुटू लागले,
मागच्या बाकावर तर सगळेच सुटले, गरज नसताना.
मी फळ्यापाशी गेले, आणि जीभ सवयीची :
उसना.
दुसऱ्यांदाही उसना.
तिसऱ्यांदा सिद्रा म्हणाली,
मोडला म्हणा ना बाई.

खोडलं.
आमचं डस्टर असं, की खोडलेलं दिसत राहतं.

घंटा झाल्यावर काड्या मोजून घेतल्या.
एक कमी भरली.
बाकांखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं.
कुणीतरी नेली असेल, उसनी.
परत कधी देणार,
मी विचारलं नाही.